मंकी पझलचं रोप जमिनीत लावायचंय : जागा, माती, अनुभव सांगा

निरगुडी
नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात डेव्हनमध्ये, एक्सेटरला राहतो. नवीन घरात आलो तेव्हा शेजारच्या आजोबांनी मंकी पझलचं (अरौकारिया अरौकाना) रोप भेट दिलं. अजून कुंडीतच आहे, गुडघ्याच्या थोडं वर आलंय आणि पानं इतकी टोचतात की पाणी घालतानाही हात जपावा लागतो. आता ते जमिनीत लावायचं म्हणते.

जागा दोन आहेत. मागचं अंगण बंदिस्त, घराच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत जेमतेम सात मीटर. माती चिकण आहे आणि हिवाळ्यात पाणी साचतं. पुढच्या बाजूला उताराचा मोठा तुकडा आहे, घरापासून लांब, पण वारा सोसाट्याचा. नवरा म्हणतो मागे लाव, आडोसा आहे. मला पुढची जागा बरी वाटते.

दुसरी गोष्ट, आईला नाशिकला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन, "बी पाठव, गंगापूर रोडच्या बंगल्यात लावते." तिथे जगेल का?

शंकू (ज्यात बिया असतात) धरायला तीस-चाळीस वर्षं लागतात हे माहीत आहे. तरी लावायचंच आहे. ज्यांनी हे झाड वाढवलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

टिटवी
माकडालाही चढता येणार नाही असं झाड म्हणजे हेच ना? आमच्या माथेरानची माकडं एकदा तिकडे न्या, बघू काय करतात :)

देवराई
टिटवी, तेच. चिलीत हे झाड जिथे उगवतं तिथे माकडं नाहीतच. नाव पडलं ते कॉर्नवॉलमधल्या पेन्कॅरो नावाच्या बागेत, १८५० च्या सुमारास. एका पाहुण्याने झाड बघून तसा शेरा मारला आणि तो चिकटला.

निरगुडीताई, मी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर बागकाम करते. या झाडांशी रोजचा संबंध आहे, म्हणून ठामपणे सांगते : पुढची जागा. वाऱ्याची अजिबात भीती बाळगू नका. हे झाड अँडीजच्या उतारांवरचं, साधारण ९०० ते १८०० मीटर उंचीवरचं, बर्फ आणि वारा सोसलेलं. खारा वारासुद्धा चालतो, म्हणून इथे किनाऱ्यालगत इतकं छान वाढतं. उणे १५ अंशांची थंडीही सोसतं. त्याला सोसत नाही ते मुळांशी साचलेलं पाणी. मूळ मुलखातली जमीन ज्वालामुखीच्या राखेची आणि खडीची, पाणी पडलं की खाली निघून जाणारी. तुमच्या मागच्या चिकणमातीत हिवाळाभर मुळं भिजत राहिली तर फायटोफ्थोरा नावाची बुरशीसारखी कीड लागते आणि मुळं कुजतात. वरचं झाड बराच काळ हिरवं दिसत राहतं, आणि पिवळं पडायला लागतं तेव्हा खाली फारसं काही उरलेलं नसतं.

अंतराचं म्हणाल तर पूर्ण वाढीचा पसारा ८ मीटरच्या पुढे जाऊ शकतो आणि उंची सहज १२ मीटरच्या वर. मूळ जंगलात ३० ते ४० मीटरची झाडं आहेत. सात मीटरच्या अंगणात ते मावणार नाही.

शेवंती
देवराई, थोडी असहमत. इतकं हळू वाढणारं झाड आहे. पहिली काही वर्षं तर वर्षाला बोटभरही वाढत नाही. तोपर्यंत आडोशाला छान दिसेल. पुढचं पुढे बघता येईल ना? आमच्या गल्लीत (बर्मिंगहॅम) दोन-तीन घरांच्या अगदी खिडकीसमोर आहेत.

देवराई
शेवंती, "पुढचं पुढे बघू" हेच या झाडाला चालत नाही. एकदा जमिनीत स्थिरावलं की हलवलेलं त्याला आवडत नाही. आणि स्थिरावल्यावर वेगही वाढतो, चांगल्या जागी वर्षाला ३० सेंटीमीटरपर्यंत. खिडकीसमोरची ती झाडं बहुतेक व्हिक्टोरियन काळात किंवा त्यानंतर लावलेली आहेत. आज त्यांच्या मालकांपुढे प्रश्न असा की तोडायचं म्हटलं तर आधी काउन्सिलकडे विचारावं लागतं, कारण अनेक जुन्या झाडांना कायद्याचं संरक्षण आहे. छाटून लहानही ठेवता येत नाही. शेंडा कापला तर त्याचा घाटच जातो. जीव लावून वाढवलेलं झाड असं अडचणीत येऊ नये म्हणून सांगते.

यॉर्ककर
निरगुडी, तुम्ही एक्सेटरला राहता आणि हा प्रश्न विचारता याचा फार आनंद झाला! ब्रिटनमध्ये हे झाड घरोघरी पोचलं ते तुमच्याच गावातून.

पहिली रोपं आणली आर्चिबाल्ड मेन्झीस यांनी. कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या सागरी मोहिमेवर ते शल्यचिकित्सक आणि निसर्गअभ्यासक होते. असं सांगतात की चिलीत मेजवानीत गोडाबरोबर या बिया आल्या, त्यांनी काही खिशात टाकल्या आणि जहाजावरच पेरल्या. १७९५ मध्ये पाच रोपं इंग्लंडात पोचली. त्यातलं एक लंडनच्या क्यू बागेत १८९२ पर्यंत जिवंत होतं. पण ही नवलाई होती, एखाद-दुसरं झाड. १८४० च्या दशकात एक्सेटरच्या व्हीच नर्सरीने विल्यम लॉब यांना दक्षिण अमेरिकेत पाठवलं, आणि त्यांनी तीन हजारांहून जास्त बिया धाडल्या. तिथून रोपं विक्रीला आली आणि प्रत्येक श्रीमंताच्या बागेत एक मंकी पझल हवंच असं झालं.

तुमच्या जवळच बिक्टनला त्या काळातली मंकी पझलची दुतर्फा रांग आहे. रोप लावायच्या आधी एकदा जाऊन या. पूर्ण वाढलेलं झाड म्हणजे काय ते तिथे कळतं, मग नवऱ्याला समजावायला शब्द लागणार नाहीत.

अवांतर : आमच्या यॉर्कशरमध्ये व्हिटबीच्या किनाऱ्यावर जेट नावाचा काळा दगड मिळतो. राणी व्हिक्टोरियाच्या काळात शोकाचे दागिने त्याचेच करत. तो दगड म्हणजे याच कुळातल्या झाडांचं सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचं लाकूड. डायनासोरांच्या काळापासून हे कूळ चालत आलंय.

निरगुडी
यॉर्ककर, अंगावर काटा आला वाचून. व्हीचचं नाव ऐकलं होतं, पण ही गोष्ट माहीत नव्हती. बिक्टनला नक्की जाणार.

सह्यकडा
पुण्यात आमच्या सोसायटीत "ख्रिसमस ट्री" म्हणून चार उंच झाडं आहेत. तीही अरौकारियाच ना? मग नाशिकला का नाही जगणार?

देवराई
कूळ एकच, पण झाड वेगळं. आपल्याकडे बंगल्यांसमोर दिसतात ती कुक पाइन किंवा नॉरफोक पाइन. कुक पाइन न्यू कॅलेडोनियाचं, नॉरफोक पाइन ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटाचं. दोन्ही उबदार समुद्री हवेतली, म्हणून आपल्याकडे रमतात. लहानपणी दोघांत फरक करणं कठीण, आणि आपल्याकडे नॉरफोक म्हणून विकली जाणारी बरीच कुक निघतात.

मंकी पझल थंड मुलखातलं. उन्हाळा सौम्य आणि रात्री गार हव्यात. नाशिकचा एप्रिल-मे, चाळीस अंशांच्या आसपासचा, आणि त्यावर पावसाळ्यात उबदार ओली माती. मुळं कुजायला याहून सोयीचं काही नाही. काकूंना सांगा, त्यांनी बंगल्यात कुक पाइन लावावं. तोही फार देखणा वृक्ष आहे.

रेवती_अटलांटा
दुजोरा. आमच्याकडे जॉर्जियात उन्हाळा दमट आणि रात्रीही उकाडा. इथल्या रोपवाटिकेतल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं की हे झाड इथे तग धरत नाही. थंडीचा तक्ता बघून लोक घेतात, पण थंडी चालते म्हणून उकाडा चालेल असं नाही.

बोरूबहाद्दर
सह्यकडा, तुमची चार झाडं दक्षिणेकडे झुकलेली आहेत का बघा बरं. गंमत नाही, खरंच. २०१७ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच खंडांवरची २५६ कुक पाइन मोजली, तर झाडं विषुववृत्ताच्या दिशेने झुकलेली, सरासरी ८.५५ अंश. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. विषुववृत्तापासून जितकं लांब तितका कल जास्त.

सह्यकडा
बोरूबहाद्दर, मोबाईलचं होकायंत्र घेऊन खाली जाऊन आलो. चारही दक्षिणेला! इतकी वर्षं मला वाटायचं वाऱ्याने झुकलीत. वॉचमनकाकाही बघायला आले, आता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतायत.

आंबेमोहोर
उटीच्या बागेतही मंकी पझल म्हणून झाड दाखवतात.

मेलबर्नची_माई
आंबेमोहोर, भारतात बऱ्याच अरौकारियांना सरसकट मंकी पझल म्हणतात, आमच्या इथल्या बुन्या-बुन्यालासुद्धा. ते क्वीन्सलँडचं. त्याचा शंकू ५ ते १० किलोचा असतो आणि अख्खा खाली येतो. इथे बागांमध्ये हंगामात झाडाखाली दोरी बांधून पाट्या लावतात. निरगुडीच्या झाडाची ती भीती नाही. त्याचे शंकू झाडावरच सुटे होतात आणि बिया गळतात.

मूळचा_चिपळूणचा
सगळ्यांचा उत्साह बघून बरं वाटलं, पण एक विरोधी सूर. इंग्लंडात जागा आहे तर तिथलं स्थानिक झाड लावा. ओकच्या आश्रयाने शेकडो जातींचे कीटक आणि पक्षी जगतात. चिलीच्या झाडावर तिथल्या पाखरांना काय मिळणार? आपल्याकडे गुलमोहर, निलगिरी, सुबाभूळ लावून काय झालं ते आपण बघतोच आहोत.

देवराई
तुमचा मुद्दा मला पटतो आणि मी स्वतः स्थानिक झाडं लावण्याच्या बाजूची आहे. पण सुबाभूळ आणि मंकी पझल एका तराजूत घालू नका. सुबाभूळ रान व्यापते. हे झाड तीस वर्षांनी बी धरणार, ते बीही जड, झाडाखालीच पडणार आणि बहुतेक खारी-उंदीर खाणार.

शिवाय हे झाड निसर्गात धोक्यात आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत "संकटग्रस्त" आहे, आणि जंगली झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव-व्यापार कराराच्या पहिल्या परिशिष्टाखाली बंदी आहे. एक्सेटरच्या एका रोपाने चिलीचं जंगल वाचणार नाही हे खरं. पण ज्याने हे झाड रोज डोळ्यासमोर पाहिलंय त्याला त्या जंगलाची बातमी परकी वाटत नाही.

पांथस्थ_सांतियागो
उशिरा आलो, पण आता मला लिहायलाच हवं. कामानिमित्त चिलीत राहतो. तुम्ही ज्याला मंकी पझल म्हणताय त्याला इथले मापुचे लोक "पेवेन" म्हणतात, आणि डोंगरात या झाडावर जगणारे ते पेवेन्चे.

कोंगिल्यिओ राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलो. समोर याइमा ज्वालामुखी, डोक्यावर बर्फ, खाली गोठलेल्या लाव्ह्याची काळी खडी, आणि त्या खडीतून उभी राहिलेली ही झाडं. जुन्या झाडांच्या खालच्या फांद्या गळून गेलेल्या असतात आणि फक्त माथ्यावर छत्री उरते. साल जाड, तुकड्यातुकड्यांची, आगीतही आतला जीव राखणारी. हजार वर्षांहून जुनी झाडं आहेत. मी एका खोडाला हात लावून उभा राहिलो आणि निघावंसंच वाटेना.

उन्हाळा संपताना पेवेन्चे कुटुंबं डोंगरावर जातात आणि पिन्योन, म्हणजे बिया, गोळा करतात. उकडून, भाजून खातात, पीठ करतात, मुदाय नावाचं आंबवलेलं पेयही करतात. हिवाळ्याची बेगमी तीच. १९७६ मध्ये सरकारने या झाडाला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. १९८७ मध्ये तो काढून तोड पुन्हा सुरू झाली. किन्केन खोऱ्यातल्या पेवेन्च्यांनी लाकूड कंपन्यांविरुद्ध लढा दिला, आणि १९९० मध्ये संरक्षण परत मिळालं. आज तोड बंद आहे, पण आगी थांबलेल्या नाहीत. २०१५ मध्ये चीना मुएर्ता इथल्या आगीत किती तरी जुनी झाडं होरपळली. बिया खाणारी डुकरं, रोपं खाणारी गुरं आणि ससे, हाही त्रास आहेच.

तेव्हा एक विनंती : इकडे फिरायला आलात तर खिशात बिया घालून नेऊ नका. मेन्झीस यांचा काळ वेगळा होता.

शेवंती
पांथस्थ, काय सुंदर लिहिलंय. या बिया म्हणजे आपल्या चिलगोजासारख्या का?

पांथस्थ_सांतियागो
चिलगोजा तेलकट आणि छोटा. पिन्योन तीन-चार सेंटीमीटर लांब आणि पिठूळ. उकडलेला पिन्योन सोलून तोंडात टाकला की थेट फणसाची उकडलेली आठळी. तेमुकोच्या बाजारात हंगामात पिशव्या भरून मिळतात.

मूळचा_चिपळूणचा
आठळी म्हणालात आणि माझा विरोध निम्मा गळाला. किन्केनची गोष्ट माहीत नव्हती, त्याबद्दल मनापासून आभार. निरगुडी, जागा असेल तर एक ओकही लावा, एवढंच म्हणतो.

टिटवी
ब्राझीलमध्येही असंच झाड आहे ना? ऑफिसातली कुरिचीबाची मैत्रीण जून महिन्यात भाजलेल्या बिया आठवून हळवी होते.

बोरूबहाद्दर
ते अरौकारिया अँगुस्तिफोलिया, पराना पाइन. बियांना पिन्यांव म्हणतात. दक्षिण ब्राझीलच्या पठारावरचं, त्यामानाने उबदार हवेतलं आणि जलद वाढणारं. लाकडासाठी इतकं तोडलं की आज अतिसंकटग्रस्त आहे. आणि हळू वाढीचाच विषय निघाला तर चिलीच्या आलेर्से वृक्षाला विसरू नका. त्याच्या एका खोडात ३६२२ वर्तुळं मोजलीत.

आंबेमोहोर
मी डब्लिनला असते. जवळच्या चर्चच्या आवारात मंकी पझलची जोडी आहे, शरदात बिया पडतात. फादरनी न्यायला परवानगी दिलीय. बी रुजवायचं कसं? आणि जोडी लागतेच का?

देवराई
जोडी लागते. नर आणि मादी झाडं बहुधा वेगळी असतात. नराचे शंकू लांबट आणि लोंबते, मादीचे गोल, नारळाएवढे. पराग वाऱ्याने जातो आणि शंकू पिकायला दीड-दोन वर्षं लागतात. एका शंकूत दोनशेच्या आसपास बिया असतात. रोप नर की मादी हे शंकू येईपर्यंत कळायचा मार्ग नाही.

बी निवडताना जड, टपोरं, गडद तपकिरी घ्या. चपटं आणि हलकं असेल तर आत काही नसतं. पाण्यात टाकून बघा, बुडालेलं भरलेलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते वाळू देऊ नका. आपण भोपळ्याचं बी वाळवून डब्यात ठेवतो तसं याचं केलं की ते मेलं. लगेच पेरा, नाहीतर ओलसर कोकोपीटमध्ये पिशवीत घालून हिवाळाभर फ्रीजमध्ये ठेवा. पेरताना टोकदार बाजू खाली, अर्धं बी मातीत, अर्धं वर. कुंडी खोल हवी, कारण आधी लांब सोटमूळ खाली जातं. माती पोयट्याची, त्यात भरपूर जाड रेती. वरून बारीक जाळी लावा, उंदीर आणि खारी टपलेल्याच असतात. मग धीर धरा, काही बिया महिन्यात फुटतात, काही तीन-चार महिने घेतात.

आडव्या फांदीची कलम करू नका. आडव्या फांदीपासून केलेलं रोप आडवंच वाढत राहतं.

सिएटलचा_सदानंद
आमच्या इथे हवा या झाडाला फार मानवते, जुन्या वस्त्यांमध्ये मोठमोठी आहेत. माझं मत : खालच्या फांद्या पहिल्यापासून छाटत जाव्यात. मुलं खेळतात, डोळ्याच्या पातळीला त्या टोकदार पानांच्या फांद्या म्हणजे धोका.

देवराई
सदानंददादा, मुलांची काळजी योग्यच. पण हिरवी फांदी कापली की तिथे पुन्हा काही येत नाही, ती जागा कायमची उघडी. जमिनीपर्यंत फांद्या असलेलं झाड फार सुंदर दिसतं. एकेक पान दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहूनही जास्त, फांदीवर टिकतं. फांदी आपण होऊन वाळली की मग काढावी. म्हणून लावतानाच वाट, दार, झोपाळा यांपासून लांब लावायचं.

सिएटलचा_सदानंद
हे मान्य. वाटेच्या कडेला लावूच नये. आणि गळालेल्या फांद्या उचलताना चामड्याचे हातमोजे घाला, वाळल्यावर पानं आणखी टोचतात.

निरगुडी
सर्वांचे मनापासून आभार. काल आम्ही दोघं बिक्टनला जाऊन आलो. ती रांग बघितल्यावर नवऱ्याने स्वतःच सांगितलं, "पुढेच लावू." वाट आणि दार दोन्हींपासून लांब, उताराच्या मधोमध जागा ठरवली आहे. आईला कुक पाइनचं सांगितलं, तीही खूश आहे. आणि चिपळूणकर, कुंपणाच्या कोपऱ्यात ओकला जागा निघतेय.

आता शेवटचे प्रश्न : लावायचं कधी, खड्ड्यात खत घालायचं का, आणि वाऱ्यासाठी काठी बांधायची का?

देवराई
एप्रिलमध्ये लावा, म्हणजे हिवाळ्याआधी मुळं पसरतील. शरदातही चालतं, पण तुमच्याकडचा ओला हिवाळा बघता वसंत बरा. खड्डा रुंद करा, खोल नको. कुंडीत जितकं मातीत होतं तितकंच ठेवा, खोड पुरू नका. खड्ड्यात शेणखत, कंपोस्ट काही नको, निघालेली मातीच परत भरा. मुळं गोल फिरली असतील तर हलक्या हाताने सोडवा. काठी नको, वाऱ्याने हललं की खोड घट्ट होतं.

पहिले दोन उन्हाळे पाऊस नसेल तेव्हा आठवड्यातून एकदा भरपूर पाणी. भोवती गवत वाढू देऊ नका, सालीच्या तुकड्यांचं आच्छादन घाला, पण ते खोडाला टेकता कामा नये. आणि सशांसाठी जाळीचं कडं पहिल्याच दिवशी लावा.

यॉर्ककर
जाळी जमिनीत थोडी पुरा, ससे खालून उकरतात.